झड लागलीय? मग मोबाईल घ्या आणि खिडकीत बसा

(हे आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचं लिखित रूप आहे. बोलताना आलेले ‘म्हणजे’, ‘तर’ थोडे कमी केलेत, सगळे नाही.)

ज्यांनी हा भाग ऐकलाय त्यांनी मागचा खडखडाट ऐकला असेलच. तो नेटवर्कचा प्रॉब्लेम नाही, आमच्या पत्र्यावरचा पाऊस आहे. फुलंब्रीत झड लागलीय. मराठवाड्याबाहेरच्या मित्रांसाठी सांगतो, झड म्हणजे धो-धो कोसळून मोकळा होणारा पाऊस नाही. दोन दोन, तीन तीन दिवस बारीक लागून राहतो, सूर्य दिसत नाही, कपडे वाळत नाहीत, शेतात पाय घातला की गुडघ्यापर्यंत चिखल. आम्ही पर्जन्यछायेतली माणसं, त्यामुळे हे सुख वर्षातून मोजक्या वेळा मिळतं. मकावाला खूश, कपाशीवाला खूश. अद्रकवाला मात्र दर तासाला वाफ्यातलं पाणी निघालंय का ते बघून येतो, कारण पाणी साचलं की कंद सडतो.

बाकी सगळे घरात. आणि घरात म्हणजे मोबाईलवर. तर आजचा विषय हाच आहे: तोच मोबाईल फिरवून खिडकीबाहेर धरला तर काय काय सापडतं.

वाइल्डलाइफ फोटोग्राफी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ताडोबा येतं. जिप्सी, हिरवे कपडे, हातभर लांब लेन्स. माझ्याकडे यातलं काही नाही. माझ्याकडे एक जुना अँड्रॉइड, परसाकडची एक खिडकी, तिच्यासमोर लिंबू, जास्वंद, कढीपत्ता, शेवगा आणि पलीकडे चुलत्यांची विहीर. त्या विहिरीवर एक बाभूळ वाकलेली आहे, तिच्याबद्दल पुढे बोलू.

आधी मुद्द्याचं. पावसात घरी बसून बघणं ही नाइलाजाची गोष्ट आहे असं मला वाटायचं. तसं नाहीये. पाऊस लागला की जीव आडोसा शोधतात, आणि आडोसा म्हणजे तुमच्या घराची वळचण, पत्र्याची कड, भिंतीलगतचं झाड. तुम्ही आधीच तिथे आहात. पावसाच्या आवाजात तुमची खुडबुड ऐकू जात नाही, खिडकीच्या गजांमागे तुम्ही नीट दिसतही नाही. आमची आज्जी म्हणते, “झड लागली की पाखरं घराकडंच येतेत.” अट एकच, तुम्ही जागेवरून हलायचं नाही. हे ऐकायला सोपं आहे, करून बघा.

खिडकीची तयारी आधी करून ठेवा. काच असेल तर खोलीतला दिवा बंद करा, नाहीतर फोटोत पक्ष्याच्या जागी तुमचाच चेहरा येईल. लेन्स काचेला जवळजवळ टेकवा. डासांची जाळी असेल तरीही तेच, लेन्स जाळीला चिकटवली की तारा इतक्या धूसर होतात की दिसत नाहीत. हात हलतो म्हणून मी एक जुगाड केलाय, जुन्या मोज्यात ज्वारी भरून गाठ मारलीय. तो मोजा खिडकीच्या चौकटीवर ठेवायचा आणि त्यावर फोन दाबून बसवायचा. हजार रुपयांच्या स्टँडपेक्षा बरा आहे, आणि कंटाळा आला की भाकरी करता येते.

लेन्स पुसा. हसू नका, पावसाळ्यात निम्मे फोटो दमट हवेनं आणि बोटाच्या तेलानं खराब होतात. आणि ते दोन बोटांनी झूम करणं आवरा. फोनला स्वतंत्र झूम लेन्स नसेल तर ते झूम म्हणजे फक्त फोटो कापून मोठा करणं आहे, जे नंतरही करता येतं. घरात दुर्बीण असेल तर तिच्या डोळा लावायच्या भिंगावर फोनची लेन्स नेमकी बसवून बघा. दहा-पंधरा मिनिटं चिडचिड होईल, मग एकदम जमेल.

पावसाळी आभाळाचा एक फायदा सांगतो. ढग म्हणजे आकाशाएवढा मोठा पांढरा पडदा. मे महिन्यातल्या उन्हात निम्मा पक्षी पांढराफटक आणि निम्मा काळाकुट्ट येतो. ढगाळ उजेडात पानाचा हिरवा, बेडकाच्या पाठीवरचे डाग, सरड्याचे खवले सगळं सारखं उजळून येतं. अडचण फक्त तारेवरच्या कोतवालाची. मागं उजळ आभाळ आणि पुढं काळा पक्षी, म्हणजे फोटोत नुसती सावली. तेव्हा स्क्रीनवर पक्ष्यावर बोट दाबून धरा, फोकस तिथे अडकतो, मग बाजूला येणारं सूर्याचं चिन्ह वर सरकवा. आभाळ पांढरं होईल, होऊ दे. पांढऱ्या बगळ्यासाठी नेमकं उलटं, सूर्य खाली सरकवायचा.

आणि खुद्द पाऊस फोटोत का दिसत नाही, हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारलाय. डोळ्यांना मुसळधार, फोटोत कोरडं ठाक! याचं गणित मजेशीर आहे. साधारण २ मिलिमीटर व्यासाचा थेंब सेकंदाला सुमारे साडेसहा मीटर वेगानं खाली येतो. कॅमेऱ्याचा पडदा १/३० सेकंद उघडा राहिला तर तेवढ्यात तो थेंब वीसेक सेंटिमीटर खाली जातो, म्हणजे फोटोत त्याची एक पुसट रेघ उमटते. १/१००० सेकंद ठेवला तर तो फक्त साडेसहा मिलिमीटर सरकतो आणि जवळजवळ थेंबासारखाच दिसतो. रेघ हवी की थेंब हवा हे तुम्ही ठरवा, फोनच्या प्रो मोडमध्ये हा आकडा बदलता येतो. पण दोन्हीसाठी मागची बाजू गडद लागते. आभाळाकडे फोन करून पाऊस कधीच मिळणार नाही. लिंबाचं काळं ओलं खोड, गोठ्याचं अंधारं दार अशी पार्श्वभूमी धरा.

बरं, आता बघायचं काय?

पहिल्यांदा पक्षी बसलाय कसा ते बघा. पक्ष्यांच्या शेपटीच्या मुळाशी तेलाची एक ग्रंथी असते. चोचीनं ते तेल घेऊन ते पिसांना लावत बसतात. पिसं एकमेकांत गुंतलेली आणि वरून तेलकट, त्यामुळे पाणी ओघळून जातं. बारीक पावसात चिमणी पिसं फुलवून गोळा होते, आत हवा कोंडून ऊब धरते. जोराच्या सरीत बरेच पक्षी उलट करतात, अंग ताठ, पिसं चापून, जणू स्वतःलाच पन्हाळ करून टाकलंय. आणि होल्यांना पावसात आंघोळ करायची हौस असते. एक होला तारेवर एका कुशीवर कलून, एक पंख सरळ आभाळाकडे उचलून बसलेला दिसला, तर तो जखमी नाही. काखेत पाऊस घेतोय, थोड्या वेळानं दुसरी बाजू करेल.

सर थांबली की पहिली दहा मिनिटं सोन्याची. सगळे एकदम बाहेर येतात, पंख झटकतात, चोचीनं पिसं विंचरतात, भूक लागलेली असते. फोन तेव्हा हातात हवा, चार्जिंगला नाही.

आता ती बाभूळ. विहिरीवर वाकलेल्या तिच्या फांद्यांना दरवर्षी खोपे लटकतात. सुगरण पक्ष्यांचे. आणि इथे आपली भाषाच आपल्याला फसवते. ‘सुगरण’ म्हटलं की बाई डोळ्यांसमोर येते. बहिणाबाईंच्या खोप्याच्या कवितेतही पिलांसाठी घर टांगते ती आईच. ती कविता मला आवडते, अजूनही आवडते. पण खिडकीतून बघायला लागल्यावर कळतं की विणणारा नर असतो. पावसाळ्यात त्याचं डोकं पिवळंधमक होतं, त्यामुळे फोटोतसुद्धा ओळखू येतो. मादी साधी, चिमणीसारखी. (कोकिळेचंही असंच. ‘कोकिळा गाते’ म्हणतो आपण, पण तो कुहू नराचा.)

हा नर मक्याच्या नाहीतर गवताच्या पात्याला चोचीनं खाच पाडतो, मग उडता उडता लांब धांदोटी फाडून आणतो. एका खोप्यासाठी पाचशेपर्यंत फेऱ्या होतात. अर्धा खोपा झाला की तो थांबतो. तेव्हा खोपा उलट्या टोपीसारखा दिसतो, मधे एक आडवी पट्टी. मग माद्या बघायला येतात. आत शिरतात, ओढून बघतात. पसंत पडला तर तो अंड्यांची जागा आणि खाली लोंबणारी नळी पुरी करतो. नाही पडला तर खोपा अर्धवटच राहतो, आणि बाभळीवर असे नाकारलेले खोपे दरवर्षी दिसतात. पसंती मिळाली की मादी आत अंड्यांवर, आणि हे महाशय शेजारच्या फांदीवर दुसरा खोपा सुरू करतात, दुसरी मादी मिळवायला.

नरामादीचा हा हिशोब नीट उलगडून मांडला तो आपल्याच महाराष्ट्रात, घराजवळ बसून. सलीम अलींची गोष्ट आहे. १९३० च्या सुमारास ते जर्मनीत शिकून परतले तेव्हा मुंबईच्या म्युझियममधली त्यांची नोकरी पैशांअभावी बंद झालेली होती. बेकार माणूस. ते अलिबागजवळ किहीमला, समुद्रकाठच्या एका घरात राहायला गेले. जवळच सुगरणींची वसाहत होती. पावसाळाभर ते ती बघत बसले, कोण विणतंय, कोण येतंय, कोण जातंय, सगळं टिपत. त्यावरचा त्यांचा लेख १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला आणि त्यांचं नाव झालं. आम्ही फुलंब्रीहून हर्सूलमार्गे संभाजीनगरला जातो तेव्हा दिल्ली गेटजवळ जे सलीम अली सरोवर लागतं, ते याच माणसाच्या नावाचं.

मला यातली एक गोष्ट फार भारी वाटते. त्यांच्याकडे वही होती. आपल्याकडे अशी वही आहे जी प्रत्येक फोटोवर तारीख आणि वेळ आपोआप टाकते. एकाच खिडकीतून, एकाच खोप्याचा, रोज सकाळी एक फोटो. एवढंच. पंधरा-वीस दिवसांनी गॅलरी सरकवत गेलं की खोपा विणला जाताना दिसतो. यातला एकही फोटो इन्स्टावर चालणार नाही, पण ओळीनं लावले की बघणाऱ्याचं तोंड उघडं राहतं. वाटलं तर हेही तपासा: खोपे बऱ्याचदा झाडाच्या पूर्वेच्या अंगाला असतात म्हणतात, नैऋत्येकडून येणारा पाऊस-वारा टाळायला. आमच्या बाभळीवर मी मोजले. अकरापैकी आठ पूर्वेला. तुमच्याकडचे मोजून कळवा.

आता जे सांगायचं मी टाळत होतो ते.

गेल्या वर्षी आषाढात आमच्या जास्वंदीत बुलबुलचं घरटं होतं. खिडकीपासून चार हात. दोन पिलं, उघडी, डोळे मिटलेली. आई वर बसायची आणि तिच्या डोक्यावर जास्वंदीचं एक रुंद पान नेमकं छत्रीसारखं यायचं. फोटोत तेच पान आडवं येत होतं. तर मी काय केलं, आई उडून गेल्यावर बाहेर गेलो आणि ती फांदी सुतळीनं मागं बांधून टाकली. मग काय फोटो आले! आई घास घेऊन आली, पिलांच्या चोची उघड्या, गळे लालभडक. ग्रुपवर टाकले, शंभरेक हार्ट आले. दुपारी मोठी सर आली. घरटं उघडं, मी खिडकीत, आई पंख पसरून त्यांच्यावर बसलेली, पाणी तिच्या पाठीवरून आत. सुतळी सोडायला बाहेर जावं तर ती उडणार, न जावं तर अशी भिजणार. मी गेलो नाही. संध्याकाळी सोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी घरटं रिकामं होतं.

मांजर असेल, कावळा असेल, थंडी असेल. फांदी बांधली नसती तरीही झालं असतं कदाचित. पण पान बाजूला केल्यावर घरटं मला जसं स्पष्ट दिसायला लागलं, तसं ते कावळ्यालाही दिसत होतं, हे मला तेव्हा सुचलंच नाही. आणि अंगावर पिसं नसलेल्या पिलाला स्वतःची ऊब धरता येत नाही. त्याची ऊब म्हणजे आई. झडीत आईला पाच मिनिटं उडवून लावणं ही उन्हाळ्यातल्या पाच मिनिटांसारखी गोष्ट नाही. आज्जी काही बोलली नाही. ती सुतळी मात्र तिनं गुंडाळून परत दिवळीत ठेवली, ते मी बघितलं.

ते फोटो मी डिलीट केलेत. त्यानंतर माझा नियम झालाय, फ्रेममध्ये पान आलं तर पान फोटोत राहील. घरट्यावर फ्लॅश नाही. ॲपवरून पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलवायचं नाही, कारण दुसरा नर आलाय समजून तो विणायचं आणि खायचं सोडून भांडायला येतो. आय-नॅचरलिस्टवर घरट्याचा फोटो टाकताना लोकेशन धूसर ठेवायची सोय आहे, ती वापरतो.

फोन हा कॅमेराच नाही, कानही आहे, हे आपण विसरतो. पावशाचं ‘पेर्ते व्हा’ रेकॉर्ड करून ठेवा. चातकाची ‘पियू पियू’सुद्धा. हा काळा-पांढरा, डोक्यावर तुरा असलेला पक्षी फक्त पावसाचे थेंब पितो असं आपण ऐकलंय. प्रत्यक्षात तो केसाळ अळ्या मिटक्या मारत खातो आणि अंडी सातभाईंच्या घरट्यात टाकून मोकळा होतो. अंड्यांचा निळा रंगसुद्धा सातभाईंसारखाच. आपल्याकडे येणारे बरेच चातक पावसाच्या वाऱ्याबरोबर आफ्रिकेतून येतात. २०२० मध्ये डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी दोन चातकांना सॅटेलाइट टॅग लावले, त्यांची नावं ठेवली ‘मेघ’ आणि ‘चातक’. तुमच्या शेवग्यावर यंदा चातक पहिल्यांदा कोणत्या तारखेला ओरडला, ही नोंद ई-बर्डवर टाकली की ती कुणाच्या तरी अभ्यासात कामाला येते. आवाज ओळखायला मर्लिन हे फुकट ॲप आहे, पण पत्र्याखाली बसून लावू नका, त्याला फक्त पत्रा ऐकू येतो.

जमिनीकडे बघायला विसरू नका. मृगाचा किडा, तो लाल मखमलीचा, पहिल्या पावसानंतरच दिसतो. त्याचा जवळून फोटो काढून पाय मोजा, आठ भरतील. म्हणजे तो किडा नाहीच, कोळ्यांच्या नात्यातला आहे. लिंबाच्या पानावर पक्ष्याची शिट दिसली तर झूम करून बघा. ती फुलपाखराची अळी असू शकते, लहानपणी शिटेसारखी दिसून वाचते आणि मोठी झाल्यावर हिरवी होते. डिवचली तर डोक्यामागून दोन लाल-केशरी शिंगं काढते, वास असा की तुम्ही स्वतःच मागं सराल. पण डिवचू नका. शंखी गोगलगाय दिसली तर फोटो काढा आणि घरातल्या मोठ्यांना दाखवा. लातूर, बीड, धाराशिवकडे २०२२ च्या खरिपात तिनं सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली होती, त्यामुळे शेतकऱ्यासाठी तो ‘क्यूट’ फोटो नाही.

रात्री पडवीतला दिवा लावून त्याच्यामागं एक पांढरी चादर टांगा. पतंग, म्हणजे रात्रीची फुलपाखरं, चादरीवर येऊन बसतात आणि फोटोसाठी जणू ओळीनं उभे राहतात. जुलैच्या उत्तरार्धात जगभर पतंगांचा आठवडा पाळतात, तेव्हा हे जरूर करा. पंख फुटलेली वाळवीही येईल, तिच्यामागं पाल आणि बेडूक येतील, फुकटचं जेवण आहे त्यांचं. तासाभरानं दिवा बंद करायचा, नाहीतर ते जीव रात्रभर तिथेच आपटत बसतात.

आणि साप. बिळात पाणी शिरलं की तेही कोरडी जागा बघतात. पडवीत साप दिसला तर आधी पोरं आत, कुत्रं आत, आणि सर्पमित्राला फोन. नजर त्याच्यावर ठेवा, लांबून. फोटो काढायचाच असेल तर दाराच्या आतून, आणि तो सर्पमित्राला पाठवा, म्हणजे काय आहे ते त्याला आधीच कळेल. वीज कडाडत असेल तर गच्चीवर फोन घेऊन जायचं नाही, हेही सांगून ठेवतो.

यंदा जास्वंदीत घरटं नाही. लिंबात आहे, जरा आत. खिडकीतून फक्त शेपटीचं टोक आणि शेपटीखालचा लाल ठिपका दिसतो. माझ्याकडे त्या लाल ठिपक्याचे बावीस फोटो आहेत, रोज एक. काल त्याच्या शेजारी एक उघडी चोच दिसली, अर्धीच, पानाआडून.

पत्र्यावरचा आवाज कमी झालाय, ऐकताय ना? उघडीप आली. दहा मिनिटं आहेत माझ्याकडे, रेकॉर्डिंग इथेच थांबवतो. तुमच्या खिडकीतलं जे काही असेल ते तारखेसकट पाठवा, धूसर असलं तरी चालेल.